गाडीचा विषमज्वर

या सदरांत आजवर पोथ्यांची निगा, मुलांचीं अक्षरें, पंक्तींतील वाढप, वृद्धांची झोप असे घरगुती विषय येऊन गेले. या महिन्यांत आम्ही मोटारीविषयीं लिहिणार आहों हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. ज्यानें आयुष्यभर शब्दरूपें व धातुरूपें पाठ करून घेतलीं, त्यानें स्टार्टरच्या तारांत लक्ष कशाला घालावें, ही शंका रास्त आहे. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात आणि गाडी मात्र एकच आहे, तेथें गाडीचें दुखणें हें माणसाच्या दुखण्याइतकेंच सर्वांचें होऊन बसतें. शिवाय या दुखण्यानें, विचार कसा करावा याविषयींचा एक जुनाच धडा आम्हांस उतारवयांत पुन्हां गिरवावयास लावला. तो वाचकांपुढें ठेवावा एवढाच हेतु.

आमचें घर इंदापुरांत. दारांत पेट्रोलवर चालणारी, वीस वर्षांहून अधिक वयाची एक व्हॅन उभी असते. इंजिन पुढच्या आसनाखालीं, बाजूचें दार सरकतें. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण दोष कारखान्याचा नव्हता, आमचाच होता, हें पुढें दिसेल. आमच्या वडील बंधूंस, म्हणजे घरच्या सर्वांच्या दादांस, गेल्या दीड वर्षापासून दर मंगळवारीं व शुक्रवारीं डायलिसिससाठीं बारामतीस न्यावें लागतें. निमगांव केतकी, अंथुर्णें, लासुर्णें, भवानीनगर, काटेवाडी असा तो सुमारें ५० किलोमीटरांचा रस्ता. तुकोबांची पालखी दरवर्षीं याच वाटेनें बारामतीहून इंदापुरास येते. वारकरी तेथें मुक्काम करीत करीत चालतात. आम्ही सव्वा तासांत जातों. मात्र उसाच्या हंगामांत जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुढें लागले म्हणजे त्या सव्वा तासाचा नेम उरत नाहीं. दादांस रुग्णालयांत सोडल्यावर चार तास लागतात. तेवढ्यांत आमचा पुतण्या, जो गाडी चालवितो, बारामतीच्या पेठेंतील घरचीं कामें उरकतो आणि वेळ भरत आली कीं गाडी रुग्णालयाशीं आणून उभी करतो.

गेल्या पौषांतील एका मंगळवारीं संध्याकाळीं दादा बाहेर आले, गाडींत बसले, पुतण्यानें किल्ली फिरविली आणि आसनाखालून ‘खट्’ असा एकच आवाज झाला. इंजिन हललें नाहीं. दोघांचौघांनीं मागून ढकलली तेव्हां ती सुरू झाली. त्या दिवशीं पुतण्याचा मुलगा, जो अकरावींत आहे, सोबत गेला होता. गाडी उभी असतां तासभर आंतला दिवा लावून तो अभ्यास करीत बसला होता. घरीं आल्यावर चौकशी झाली आणि निकाल तत्काळ लागला. पोरानें दिवा जाळून बॅटरी उतरविली! निकाल देणारे आम्हीच होतों. त्यानें एकदां ‘आजोबा, एवढ्याशा दिव्यानें…’ असें म्हणावयास तोंड उघडलें होतें; आम्हीं तें पुरें होऊं दिलें नाहीं. पुढें कित्येक दिवस तो गाडीजवळ फिरकला नाहीं.

दहा दिवसांनीं गाडी पुन्हां नडली. या वेळीं मुलगा सोबत नव्हता. तरीहि ‘तेव्हांपासूनच बॅटरी खिळखिळी झाली’ असें म्हणून आम्हीं आपला निकाल वांचविला. गांवांतल्या एका कारागिरास दाखविलें. सकाळीं दारांत उभी असलेली गाडी त्याच्यापुढें पहिल्याच किल्लीस सुरू झाली. तो म्हणाला, बॅटरी बदला. बदलली. आठ दिवस गाडी सुरळीत चालली आणि आम्हीं त्याचें कौतुक केलें. नवव्या दिवशीं पुन्हां ‘खट्’. दुसऱ्या कारागिरानें स्टार्टर उतरविला, आंतले ब्रश बदलले, पैसे घेतले. पंधरा दिवस स्वस्थता. मग पुन्हां तेंच. घरांत आतां जितकीं तोंडें तितकीं निदानें झालीं. धाकट्या सूनबाईंच्या मतें पेट्रोलांत भेसळ, पुतण्याच्या मतें किल्लीचा दोष, तर वहिनींच्या मतें ज्या दिवशीं गाडी आणली तो दिवसच बरा नव्हता.

यानंतरचा प्रसंग मात्र हंसण्यासारखा नव्हता. माघांतला शुक्रवार. दादांस त्या दिवशीं उशिरा घेतलें, आणि बाहेर आले तेव्हां रात्रीचे आठ वाजून गेले होते. डायलिसिसनंतर त्यांचा रक्तदाब उतरतो, अंगांत त्राण राहत नाहीं. गाडी नडली, ढकलावयास जवळ कोणी नाहीं. दीड तास ते मागच्या आसनावर शाल पांघरून पडून राहिले. मग आपोआपच, जणूं कांहीं झालेंच नव्हतें अशा थाटांत, गाडी सुरू झाली. घरीं पोंचावयास अकरा वाजले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं आम्हांस जवळ बोलावलें आणि शांतपणें म्हणाले, ‘‘अरे, शुक्रवारचें सोडून देऊं. मंगळवार एक पुरे. माझ्यापायीं सगळ्या घराची ओढाताण होते.’’ डॉक्टरांनीं तर वार चुकवूं नका म्हणून बजावलें होतें. जें आम्हांस कळत होतें तें त्यांसहि कळत होतें. गाडी हें निमित्त होतें. जगण्याचा कंटाळा त्या निमित्ताच्या आडून बोलत होता. आम्हीं एवढेंच म्हटलें, ‘‘दादा, एक महिना द्या. मग काय तें ठरवूं.’’ त्यांनीं मान हलविली. गाडीचा प्रश्न तेव्हांपासून आमच्यापुरता निराळाच झाला.

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानांत आली. आयुर्वेदांत ज्वरांचे प्रकार सांगतांना विषमज्वर म्हणून एक वर्ग येतो: संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक. त्यांतला तृतीयक एक दिवस सोडून येतो, चतुर्थक दोन दिवस सोडून. मधल्या दिवसांत रोगी हिंडताफिरता. ज्या दिवशीं ताप नाहीं त्या दिवशीं वैद्याकडे नेऊन ‘ताप पाहा’ म्हणावें, तर तो काय पाहणार? आमच्या गाडीस झाला होता तो असाच. आणि आम्ही प्रत्येक वेळीं तिला सकाळीं, ताप उतरलेल्या स्थितींत, वैद्यापुढें उभी करीत होतों!

दुसरी चूक याहून मोठी. औषध दिलें आणि ताप थांबला, एवढ्यावरून औषध लागू पडलें असें ठरत नाहीं. कारण विषमज्वर औषधावांचूनहि मधूनमधून थांबतोच. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, त्यांत कावळ्याचें सामर्थ्य सिद्ध होत नाहीं. हा काकतालीय न्याय आम्हीं शेंकडों मुलांस समजावून दिला. पण नव्या बॅटरीनंतर आठ दिवस गाडी चालली तेव्हां आम्हांस तो आठवला नाहीं. जो दोष रोज येतो त्याची परीक्षा एका दिवसांत होते. जो कधींमधीं येतो, त्यावरच्या उपायाची परीक्षा व्हावयास, तो एरव्हीं जेवढ्या दिवसांनीं येतो त्याच्या कितीतरी पट दिवस वाट पाहावी लागते.

बारामतीस आमचा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या विजेचीं कामें करतो. त्या गांवीं असे कारागीर पुष्कळ. तेथील औद्योगिक वसाहतींत पियाजिओ कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरहि तेथें तयार होऊं लागल्या; त्यामुळें मोरोपंतांच्या बारामतींत आतां आर्येइतकीच यंत्राचीहि जाण आहे. हा विद्यार्थी संस्कृतांत कच्चा होता आणि त्यापायीं आमच्या हातचा मारहि त्यानें खाल्ला होता. त्यानें सारी हकीकत ऐकून घेतली, गाडीस हात लावला नाहीं, आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, चालू गाडी मला दाखवून काय उपेग? बंद पडंल तवा जागेवरनं हलवू नका, ढकलू नका. मला फोन करा. आणि तोवर एक वही घाला.’’

वही कोणी ठेवावी? आम्हीं नातवासच हांक मारली. थोडा घुटमळला, पण आला. त्यानें रकाने आंखले: तारीख व वेळ, इंजिन थंड कीं तापलेलें, आधीं किती किलोमीटर चाल झाली, किल्ली फिरवितांच आवाज कोणता, दिवे कसे, आणि सुरू कशी झाली. गाडी सुरू झाली तरी नोंद, न झाली तरी नोंद. हें दुसरें फार महत्त्वाचें. लोक नडलेली वेळ तेवढी ध्यानांत ठेवतात, बिनबोभाट चाललेल्या वेळा विसरतात. पण जेथें कार्य घडलें नाहीं तेथें कोणतें कारण गैरहजर होतें, हें पाहिल्याखेरीज कारण हातीं लागत नाहीं. आमच्या न्यायशास्त्रांत यासच अन्वय व व्यतिरेक म्हणतात. जेथें जेथें हें, तेथें तेथें तें, हा अन्वय. जेथें हें नाहीं तेथें तेंहि नाहीं, हा व्यतिरेक. इंग्लंडांत जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथांत अशाच पद्धती मांडल्या आहेत.

चार आठवड्यांत ६१ वेळां किल्ली फिरली. त्यांपैकीं ३४ वेळां इंजिन थंड होतें. त्यांत गाडी एकदांहि नडली नाहीं. उरलेल्या २७ वेळां इंजिन तापलेलें होतें. त्यांत २३ वेळां सुरू झाली व ४ वेळां नडली. चारहि वेळां ‘खट्’ असा एकच आवाज, आणि चारहि वेळां दिवे उजळ. म्हणजे उष्णता हें आवश्यक कारण ठरलें, पण पुरेसें नव्हे. तिच्या जोडीला आणखी कांहीं तरी हवें होतें. त्याचा सुगावा नातवाच्या एका टिपणांत होता. एकदां पुतण्यानें गाडी गिअरमध्यें ठेवून नुसती मागेंपुढें हिसकली होती, आणि लगेच ती किल्लीनें सुरू झाली होती. तेव्हां कोठें तरी कांहीं तरी हलत होतें.

आतां यंत्राची थोडी माहिती दिल्यावांचून पुढचें समजणार नाहीं. पूर्वीं मोटारीस पुढून हँडल मारून इंजिन फिरवीत; तें काम विजेच्या मोटरीकडे आलें तें अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग याच्या कल्पकतेनें, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर तें प्रथम बसविलेलें लोकांस मिळालें. हीच मोटर म्हणजे स्टार्टर. बॅटरींत सहा घरें असतात. प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या आसपास आली म्हणजे ती निम्मी उरली असें समजावें. स्टार्टर फिरत असतांहि तिच्या टोंकांवरचा दाब साधारणतः ९.६ च्या खालीं जाऊं नये.

वीज बॅटरींतून निघते आणि बॅटरीसच परत येते. जाण्यासाठीं तार असते. परतण्यासाठीं बहुधा निराळी तार नसते, गाडीचा लोखंडी सांगाडाच त्या कामीं येतो. परंतु इंजिन तर रबरी गाद्यांवर बसविलेलें, म्हणजे सांगाड्यापासून विलग. म्हणून इंजिनास सांगाड्याशीं जोडणारी एक जाड तार अगर विणलेली पट्टी असते. कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात. स्टार्टरची सारी वीज या एका पट्टीवरून घरीं परतते. दिव्यांची मात्र परतीची वाट निराळी. ती थेट सांगाड्यांतून. ‘दिवे उजळ आहेत, मग वीज बरोबर आहे’ असें जें आम्ही म्हणत होतों, तें सर्वस्वीं चुकीचें होतें. दिव्यांची साक्ष दुसऱ्याच रस्त्याची होती.

आणखी एक गोष्ट. ओम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं मांडलेला नियम शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो: प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाबाची घट. आंतल्या लहान दिव्यास अर्धा अँपिअरहि लागत नाहीं. स्टार्टरला शंभर-दीडशें लागतात. एखाद्या गंजलेल्या जोडणींत ०.०४ ओहम एवढासाच रोध असला, तर दिव्यास त्याचा पत्ताहि लागणार नाहीं. पण १२० अँपिअरांच्या प्रवाहास तेथें ४.८ व्होल्टांची खोट येईल. जी वाट एका पांथस्थास राजरस्ता वाटते, तीच वारीच्या लोंढ्यास खिंड होते, तसें हें आहे.

चौथ्या वेळीं गाडी रुग्णालयाच्या आवारांत नडली. दादांस आंत बांकावर बसविलें आणि फोन केला. विद्यार्थी वीस मिनिटांत मीटर घेऊन आला. स्वस्थ बॅटरी १२.५. पुतण्यानें किल्ली धरून ठेवली असतां बॅटरीच्या दोन टोंकांवर ११.२. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग त्यानें मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खांबास आणि दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावलें. पुन्हां किल्ली. तेथें अर्ध्या व्होल्टाहून कमी दिसावयास हवें होतें; दिसले ४.८. स्टार्टरच्या वांट्यास जेमतेम सहा व्होल्ट येत होते. त्यानें नातवास अ‍ॅक्सिलरेटरची केबल चाचपावयास सांगितलें. ती ऊन लागत होती! मोठी वाट बंद झाल्यामुळें वीज मिळेल त्या लोखंडी तारेवरून परतूं पाहत होती.

मग त्यानें जें केलें तें आम्हांस सर्वांत आवडलें. आपल्याकडे निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांत उपशय म्हणजे, रोग गूढ असतां थोडा उपाय करून पाहणें आणि गुण येतो कीं नाहीं यावरून रोग ओळखणें. त्यानें एक जाड तार घेऊन बॅटरीचा ऋण खांब थेट इंजिनाशीं जोडला. किल्ली फिरवितांच इंजिन सुरू. बंद केलें, तार काढली; पुन्हां ‘खट्’. तार जोडली; सुरू. असें तीनदां. आठ दिवस वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. कावळा उडविला कीं फळ थांबे आणि बसविला कीं फळ पडे, असें हें समोरासमोर झालें.

पट्टी उतरविली तेव्हां वरचें आवरण धड होतें. आंतल्या तांब्याच्या बहुतेक तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या, आणि बोल्टाखालीं गंज होता. उरलेल्या चार तारा थंड असतां कशाबशा काम रेटीत. तापल्यावर जोडणी आणखी ढिली होई, आणि इंजिन थांबतांना रबरी गाद्यांवर ज्या अंगास कलून बसे त्यावर त्या तारांचा संबंध राहणें न राहणें ठरे. ही झाली संप्राप्ति. बॅटरी भरणारी वीजहि याच वाटेनें फिरत असल्यामुळें नवी बॅटरीसुद्धां अर्धपोटीं राहत होती. नवी पट्टी, काचकागदानें घांसून स्वच्छ केलेलें लोखंड, घट्ट आंवळलेला बोल्ट आणि वरून थोडें व्हॅसलिन. खर्च पांचशें रुपयांच्या आंत. बॅटरी आणि स्टार्टर यांत गेलेल्या रकमेचा आंकडा येथें देत नाहीं. तो गृहखात्याच्या नजरेस न पडलेला बरा.

दोष आमचा तो कसा? तीन वर्षांपूर्वीं क्लचच्या कामासाठीं इंजिन उतरविलें होतें, तेव्हां कारागीर म्हणाला होता, ‘‘ही पट्टी बदलून टाकूं.’’ आम्हीं म्हटलें, ‘‘चालते ना? मग चालूं द्या.’’

आतां आमच्या वाचकांच्या दारीं जुनी गाडी असेल तर त्यांच्या उपयोगासाठीं चार गोष्टी सांगतों. गाडी नडली म्हणजे पहिला प्रश्न एकच: इंजिन फिरतें कीं नाहीं? फिरत नसेल तर कान द्यावा. मुळींच आवाज नाहीं, तर किल्लीचा स्विच, रिले किंवा त्यांच्या बारीक तारा पाहाव्या. ‘कट्-कट्-कट्’ अशी घाई असेल व दिवे मालवूं पाहत असतील, तर बॅटरी उतरलेली अगर तिच्या टोंकांवर पांढरी बुरशी चढलेली असते. एकच ‘खट्’ असेल, तर स्टार्टरचे आंतले संपर्क, ब्रश, जाड तारा व ही पट्टी यांपैकीं एक. आणि यांतलें स्वस्त तें आधीं तपासावें. इंजिन चांगलें फिरतें पण पेटत नाहीं, तर मात्र पेट्रोल अगर ठिणगी यांकडे वळावें. तापल्यावरच असें होत असेल, तर इग्निशन कॉइल किंवा पेट्रोलच्या नळींत वाफ धरणें; पावसाळी हवेंतच होत असेल, तर ठिणगीच्या जाड तारा व त्यांची टोपी ओलावणें; थंडींतच होत असेल, तर चोक. डिझेलची गाडी थंडींत नडली, तर हीटर प्लग आणि नळींत शिरलेली हवा यांची आठवण ठेवावी. ढकलल्यावर गाडी तत्काळ पेटते, यावरून पेट्रोल व ठिणगी दोन्ही शाबूत आहेत एवढें तरी निश्चित कळतें. हें ज्ञान आम्हांस पहिल्या दिवशींच फुकट मिळालें होतें. आम्हीं तें घेतलें नाहीं.

सावधगिरीचें दोन शब्द. तपासतांना गिअर न्यूट्रलमध्यें व हातब्रेक ओढलेला असावा. किल्ली दहा सेकंदांहून अधिक धरूं नये, आणि पुन्हां फिरविण्यापूर्वीं स्टार्टरला अर्धें मिनिट तरी निवूं द्यावें. भरत्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो. म्हणून तात्पुरती तार जोडतांना शेवटचें टोंक बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या लोखंडास लावावें. जोडण्या उतरवावयाच्या तर ऋण टोंक आधीं काढावें आणि चढवितांना तें शेवटीं चढवावें. स्वतःस खात्री नसेल तर जाणत्यास बोलवावें. मात्र वही आपण ठेवावी. ती दुसरा कोणी ठेवणार नाहीं.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर नातवानें वहीच्या शेवटच्या पानावर एक हिशेब मांडून आणला. आंतला दिवा ५ वॅटचा. १२ व्होल्टांनीं भागिलें म्हणजे ०.४२ अँपिअर, तासभर जळला तर ०.४२ अँपिअर-तास. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे ऐंशींत एक भागहि खर्च झाला नव्हता. हेंच तो पहिल्या दिवशीं सांगूं पाहत होता. हिशेबास कागद-पेन्सिलीपलीकडे कांहीं लागत नव्हतें, आणि तो करावयास आमच्यापाशीं सारी संध्याकाळ होती. आम्हीं मात्र प्रत्यक्ष व अनुमान सोडून आपल्याच शब्दास प्रमाण मानलें होतें. आम्हीं सर्वांसमक्ष, दादा बसले होते तेथेंच, त्यास सांगितलें, ‘‘बाळ, चूक आमची होती. तुझें बोलणें आम्हीं ऐकून घ्यावयास हवें होतें.’’ तो लाजला, आणि वही घेऊन आंत गेला. एकत्र कुटुंबांत वडिलांचा शब्द चालतो, तो चालावाहि. परंतु म्हणूनच तो उच्चारण्यापूर्वीं वडिलांनीं लहानाचें वाक्य पुरें होऊं द्यावें. निर्णय चुकला तर बॅटरीचे पैसे जातात, ते परत मिळवितां येतात. मुलाचें तोंड एकदां मिटलें, तर तें पुन्हां उघडेलच याची हमी कोणी द्यावी?

पुढच्या शुक्रवारीं आम्हीहि बारामतीस गेलों. संध्याकाळीं दादा बाहेर आले, आणि कोणी कांहीं म्हणण्याच्या आधींच पुढच्या आसनावर जाऊन बसले. पुतण्यानें किल्ली फिरविली. इंजिन सुरू झालें. भवानीनगरापर्यंत कोणी बोललें नाहीं. तेथें उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. दादा तिच्याकडे पाहत म्हणाले, ‘‘मंगळवारीं थोडें लौकर निघूं. म्हणजे ही गर्दी लागणार नाहीं.’’

शुक्रवार सोडण्याची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढली नाहीं. वही अजून चालू आहे.